क्यूटिप रिव्ह्यू: हेलियममध्ये फिरणारा रेणू लॅपटॉपवर बसवायचा असेल तर

आधीच सांगून टाकतो, क्यूटिप म्हणजे क्वांटम सिस्टिमची गणितं सोडवणारं पॅकेज, ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पायथनमध्ये आहे, त्यामुळे पैसे वसूल होतात का हा प्रश्नच नाही, प्रश्न वेळ वसूल होतो का हा आहे. आणि हा रिव्ह्यू अख्ख्या क्यूटिपचा नाहीये. क्युबिट, कॅव्हिटी, लेझर यांच्यासाठी ते भारी आहे हे सगळ्यांना माहितीय, २०१२ मध्ये योहान्सन, नेशन आणि नोरी यांचा पहिला पेपर आला तो ओपन क्वांटम सिस्टिमचा, म्हणजे आजूबाजूच्या परिसराशी जोडलेल्या सिस्टिमचा, डायनॅमिक्स सोडवण्यासाठीच. मी ते वापरतोय जरा आडवाटेच्या कामाला, म्हणजे क्वांटम द्रवात अडकलेला एक रेणू स्वतःभोवती फिरतोय आणि आजूबाजूचे कण त्याला कसे आवरतात ते काढायला. या कामासाठी क्यूटिप घ्यावं का, एवढंच लिहितोय.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सुपरफ्लुइड हेलियमचा नॅनोथेंब असतो, तापमान ०.३७ केल्विन, त्यात एखादा रेणू टाकला तर तो फिरायचा थांबत नाही. १९९८ मध्ये ग्योटिंगेनला ग्रेबेनेव्ह, टोएनीस आणि विलेसोव्ह यांनी कार्बोनिल सल्फाइडचा रेणू हेलियम-३ च्या, म्हणजे सुपरफ्लुइड नसलेल्या, थेंबात टाकला तेव्हा स्पेक्ट्रममध्ये नुसता एक पसरट ढिगारा दिसला, मग त्यात हेलियम-४ चे अणू घालत गेले आणि साधारण ६० अणू झाल्यावर रेणू मोकळा फिरत असल्यासारख्या टोकदार रेषा आल्या. फक्त रेषांमधलं अंतर कमी झालेलं. मोकळ्या रेणूचा रोटेशनल कॉन्स्टंट (जडत्व वाढलं की हा कमी होतो) ०.२०२९ प्रति सेंटिमीटर, हेलियम-४ मध्ये ०.०७३२, म्हणजे फिरण्याचं जडत्व जवळजवळ पावणेतीन पट. फुगडी घालताना नऊवारीचा घोळ पण बरोबर फिरायला लागतो ना, तसं हेलियम त्याच्याबरोबर ओढलं जातं. हायड्रोजन सायनाइडसारखा हलका रेणू मात्र एवढा जड होत नाही, १.४७८ चं १.२०४ होतं, बास.

२०१५ मध्ये रिचर्ड श्मिट आणि मिखाइल लेमेश्को यांनी या रेणू आणि घोळ मिळून होणाऱ्या प्रकाराला अँग्युलॉन म्हटलं आणि एक साधं हॅमिल्टोनियन, म्हणजे एनर्जीचं सूत्र, दिलं: रोटर (फिरणारा रेणू), फोनॉन (हेलियममधल्या लहरींचे क्वांटम), आणि त्यांना जोडणारी एक टर्म जिच्यात स्फेरिकल हार्मोनिक, म्हणजे दिशेवर अवलंबून असणारं फंक्शन, बसलेलं असतं. सरळ रेषेत जाणाऱ्या अशुद्धीचा, म्हणजे पोलॅरॉनचा, हिशेब लांडाऊच्या १९३३ च्या नोटपासून चालू आहे, पण तिथे मोमेंटमची नुसती बेरीज-वजाबाकी असते. इथे त्रिमितीतलं रोटेशन आहे, आधी एका अक्षाभोवती फिरवून मग दुसऱ्याभोवती फिरवलं आणि क्रम उलटा केला तर उत्तर वेगळं, त्यामुळे प्रत्येक फोनॉनच्या देवाणघेवाणीत क्लेब्श-गॉर्डनचे आकडे (दोन अँग्युलर मोमेंटम जोडतानाचे गुणक) येतात आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

आता माल बघू. इन्स्टॉल व्हायला पिप किंवा कोंडा, दोन्हीने काही त्रास नाही. ऑपरेटर आणि स्टेट या एकाच प्रकारच्या वस्तू असतात, कागदावर जसं लिहिता तसंच कोडमध्ये लिहिता, गुणाकार म्हणजे गुणाकार, डॅगर म्हणजे डॅगर. हे सुख नमपायवर (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) हाताने सगळं करून बघितल्यावरच कळतं. पण रोटर मात्र तयार मिळत नाही. जेमॅट नावाचं फंक्शन आहे, ते एका ठरलेल्या स्पिनचे ऑपरेटर देतं, आपल्याला तर ० पासून वर पाहिजे तेवढे अँग्युलर मोमेंटमचे सगळे मजले एकत्र हवेत आणि त्यांच्यामध्ये उड्या मारणारा स्फेरिकल हार्मोनिकचा मॅट्रिक्स हवा. तो स्वतः बांधावा लागतो. क्यूटिपमध्ये क्लेब्श नावाचं फंक्शन आहे, ते वापरलं की काम होतं, सिम्पाय या लायब्ररीतलं गाँट पण चालतं आणि ते दशांशात न कापता अचूक उत्तर देतं, पण मोठ्या लूपमध्ये ते रांगतं, तेव्हा एकदाच काढून फाइलमध्ये ठेवून द्यायचं. बांधल्यावर लगेच चेक करा: हार्मोनिकचा दर्जा १ असेल तर अँग्युलर मोमेंटम नेमकं एकने वर किंवा खाली गेलं पाहिजे, जागच्या जागी काही दिसलं तर मॅट्रिक्स चुकलाय.

इथपर्यंत मजा येते. मग फोनॉन आणायचे असतात.

क्यूटिपची नेहमीची सवय म्हणजे टेन्सर प्रॉडक्ट, प्रत्येक मोडला एक जागा. रोटरचे ० ते ५ मजले घेतले की ३६ स्टेट. फोनॉनचे अँग्युलर चॅनेल ० आणि १ घेतले की १ अधिक ३ असे चार, आणि तरंगसंख्येचे फक्त १० पॉइंट घेतले तरी ४० मोड. प्रत्येक मोडमध्ये फोनॉन आहे किंवा नाही एवढंच ठेवलं तरी २ चा ४० वा घात, साधारण १.१ लाख कोटी, गुणिले ३६. नुसता एक व्हेक्टर साठवायला ६०० टेराबाइटच्या वर मेमरी लागेल. ट्युटोरियल बघून जे कोणी उत्साहात टेन्सर लिहायला बसतात त्यांचा कर्नल इथेच मरतो, आणि त्यात पॅकेजचा काही दोष नाही, क्वांटम मेनी-बॉडी म्हणजे हेच.

यावर क्यूटिपमध्ये एक उत्तर आहे जे लोकांना फारसं माहीत नसतं, एन्रने सुरू होणारी फंक्शन, म्हणजे एकूण एक्सायटेशनवर मर्यादा घातलेली स्पेस. "सगळे मोड मिळून जास्तीत जास्त एक फोनॉन" असं सांगितलं की ४० मोडची स्पेस ४१ ची होते, गुणिले ३६ म्हणजे १४७६, लॅपटॉपला गुदगुल्या. दोन फोनॉन परवानगी दिली तर ८६१ गुणिले ३६, म्हणजे ३०,९९६. हा मॅट्रिक्स डेन्स ठेवला तर १५ जीबी खातो, त्यामुळे स्पार्सच (फक्त शून्य नसलेले आकडे साठवून) ठेवायचा आणि आयगनस्टेट मागताना स्पार्सचा पर्याय चालू करून खालच्या चार-पाचच मागायच्या. तीन फोनॉनला ४,४४,२७६, तो पण स्पार्समध्ये होतो पण चहा करून या. मला ही एन्र फंक्शन्स म्हणजे या पॅकेजमधली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते या विषयासाठी, फक्त लक्षात ठेवा की त्यांच्यावर नेहमीचा पार्शल ट्रेस (फोनॉन बाजूला काढून फक्त रोटर बघणं) चालत नाही, क्यूटिपच्या ट्युटोरियलमध्ये सुद्धा त्यासाठी वेगळं फंक्शन लिहून दाखवलंय, ते उचला.

आणि गंमत म्हणजे एक फोनॉनची ही मर्यादा म्हणजे काही कामचलाऊ जुगाड नाहीये. २०१५ च्या पेपरमधला व्हेरिएशनल अन्सात्झ, म्हणजे उत्तराचं आधीच धरलेलं रूप, हाच आहे, रोटर आणि शून्य फोनॉन अधिक रोटर आणि एक फोनॉन, पोलॅरॉनच्या जगात शेव्हीने २००६ मध्ये वापरला तसा. म्हणजे तुमचा तरंगसंख्येचा ग्रिड पुरेसा बारीक असला तर क्यूटिपने काढलेली एनर्जी आणि पेपरातल्या समीकरणाचं उत्तर जुळायलाच पाहिजे. नवशिक्याला यापेक्षा चांगला टेस्ट मिळणार नाही.

आता माझी मुख्य तक्रार, जी खरं तर अपेक्षा आहे: क्यूटिपला सिमेट्री कळत नाही. रोटर आणि फोनॉन मिळून एकूण अँग्युलर मोमेंटम टिकून राहतं, हे फिजिक्समध्ये पहिल्या पानावर आहे, पण पॅकेजला ते सांगायची सोय नाही. त्याचा फटका किती बसतो बघा. एकूण अँग्युलर मोमेंटम १ असलेलं सेक्टर घेतलं तर एक फोनॉनच्या मर्यादेत किती स्टेट लागतात? फोनॉन नसलेली एक. फोनॉन ० दर्जाचा असेल तर रोटर १ वरच हवा, एक पर्याय. फोनॉन १ दर्जाचा असेल तर रोटर ०, १ किंवा २, त्यातला १ पॅरिटीमुळे जोडलाच जात नाही, राहिले दोन. म्हणजे तरंगसंख्येच्या प्रत्येक पॉइंटला तीन, १० पॉइंटला ३०, अधिक ती पहिली, एकूण ३१. कुठे १४७६ आणि कुठे ३१! ग्रिड १० चा १०० केला तर एकीकडे १४,४३६ आणि दुसरीकडे ३०१. आणि ग्रिड बारीक करणं इथे चैन नाहीये, कारण रेषेची रुंदी, अस्थिरता, म्हणजे रोटर आपलं अँग्युलर मोमेंटम फोनॉनला देऊन मोकळा होतो तो भाग, हे सगळं सलग स्पेक्ट्रम असेल तरच नीट दिसतं, १० पॉइंटवर नुसत्या काड्या दिसतात.

मग करायचं काय, तर कपल्ड बेसिस (एकूण अँग्युलर मोमेंटमप्रमाणे लावलेल्या स्टेट) कागदावर काढायचा, ३०१ चा मॅट्रिक्स नमपायमध्ये भरायचा आणि तो क्यूटिपच्या ऑब्जेक्टमध्ये टाकायचा. चालतं, पण मग क्यूटिपने काय दिलं असा प्रश्न पडतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर स्थिर एनर्जीसाठी फार काही दिलं नाही. सिमेट्रीच पाहिजे असेल तर ज्युलियामधलं टेन्सरकिट हे नॉन-अबेलियन सिमेट्री मुळातच धरून चालतं, पण ते शिकायला वेगळं डोकं लागतं आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ते कुणाला सुचवणार नाही.

क्यूटिप पैसे, सॉरी, वेळ वसूल करून देतं ते डायनॅमिक्समध्ये. आर्हुसला हेन्रिक स्टापेलफेल्ट यांचा ग्रुप लेझरची छोटी लाथ मारून हेलियममधले रेणू एका दिशेला रांगेत आणतो आणि मग ते कसे विस्कटतात ते बघतो, २०१३ पासून त्यांचे हे प्रयोग गाजतायत, आयोडीनवरचा २०१७ चा पेपर तर वाचाच. हे मॉडेल करायला क्यूटिपमध्ये अर्धं पान कोड लागतो. कोसाइन स्क्वेअरचा ऑपरेटर, त्याचा एक्स्पोनेन्शियल म्हणजे लाथ, मग एसइसॉल्व्हने (श्रोडिंगर समीकरणाचा सॉल्व्हर) पुढे चालवायचं आणि अलाइनमेंट प्लॉट करायची. लेझर सरळ पोलराइज्ड असेल तर एम (अँग्युलर मोमेंटमचा लेझरच्या दिशेतला भाग) बदलत नाही, शून्यावरून सुरू केलं की ३६ सुद्धा लागत नाहीत, पण मजले जरा वाढवून घ्या, लाथ जोरात असली तर रेणू वर चढतो. फोनॉन न घालता आधी चालवा: कार्बोनिल सल्फाइडला सुमारे ८२ पिकोसेकंदांनी पूर्ण रिव्हायव्हल (विस्कटलेली रांग परत जुळणं) आला पाहिजे, लाथेआधी अलाइनमेंट बरोबर एक तृतीयांश पाहिजे. हेलियममधला कॉन्स्टंट टाकला की तोच रिव्हायव्हल २२८ च्या आसपास जातो. हे दोन आकडे आले की पुढचं सगळं विश्वासाने करता येतं, नाही आले तर युनिटमध्ये घोळ आहे, बहुतेक वेळा २π कुठेतरी राहिलेला असतो.

त्यानंतर एमइसॉल्व्हचा, म्हणजे परिसराचा परिणाम धरणाऱ्या मास्टर इक्वेशनच्या सॉल्व्हरचा, मोह होतो, आणि इथे मी जरा सावध करतो. दोन-चार कोलॅप्स ऑपरेटर टाकले की रिव्हायव्हल मस्त विझतो, ग्राफ प्रयोगासारखा दिसतो, सर खूश. पण मार्कोव्ह बाथ, म्हणजे आठवण नसलेला परिसर, गृहीत धरून तुम्ही जेवढी रुंदी आत घातली तेवढीच बाहेर मिळते, त्यात हेलियमबद्दल नवीन काहीच कळत नाही. सुपरफ्लुइडमध्ये रोटरच्या एवढ्या कमी एनर्जीला जायला जागाच फारशा नसतात, रोटॉनचा (सुपरफ्लुइडमधल्या एका प्रकारच्या एक्सायटेशनचा) गॅप ८.६ केल्विनच्या आसपास आहे आणि आपला रेणू त्याच्या कितीतरी खाली घुटमळतोय, म्हणून तर रेषा टोकदार येतात. बाथला आठवण असते आणि ती धरायची असेल तर क्यूटिपमध्येच हिओम सॉल्व्हर आहे, तानिमुरा आणि कुबो यांची १९८९ ची पद्धत. रोटरला एक्स, वाय, झेड अशा तीन दिशांनी तीन सारखे बाथ जोडायचे, प्रत्येकाला दोन एक्स्पोनेन्शियल आणि डेप्थ ४ ठेवली तर २१० सहाय्यक मॅट्रिक्स होतात, प्रत्येकी ३६ बाय ३६, म्हणजे पावणेतीन लाख आकडे, सहज मावतात. डेप्थ वाढवून उत्तर हलतंय का ते मात्र बघायचंच. हे मला फार आवडलंय आणि या विषयात ते कमी वापरलं जातं असं माझं मत आहे. अट एकच की हेलियमचा कोरिलेशन फंक्शन (बाथची आठवण वेळेबरोबर कशी विरते ते) तुम्हाला थोड्या एक्स्पोनेन्शियलच्या बेरजेत बसवता आला पाहिजे, फिटिंगची साधनं पॅकेजमध्ये आहेत.

जिथे ते उपयोगाचं नाही ते पण लिहितो. कपलिंग तगडं असेल, म्हणजे जड रेणू आणि भोवती हेलियम घट्ट बसलेलं, तर फोनॉन एक-दोन नसतात, ढग असतो, आणि एन्रने मोजत बसलात तर तुमची रॅम आधी संपेल. तिथे श्मिट-लेमेश्को यांचं २०१६ चं ट्रान्सफॉर्मेशन घ्यावं, सगळा बाथ रेणूच्या फ्रेममध्ये फिरवायचा आणि मग ढग कोहेरंट स्टेटने काढून टाकायचा, रेणू फिरतच नाही या टोकाला ते बरोबर उत्तर देतं. हे कागदावर करून मग उरलेलं हॅमिल्टोनियन क्यूटिपला द्या. हे न करता सरळ मोड वाढवत जाणं म्हणजे वेळेचा नाश.

अचूक आकडाच पाहिजे असेल तर मग माँटे कार्लो. २०१८ मध्ये बिघिन, चेरबुल आणि लेमेश्को यांनी डायग्रामॅटिक माँटे कार्लो अँग्युलर मोमेंटमसाठी बसवलं, तिथे ग्रिडवर फोनॉन किती ही मर्यादाच नाही, डायग्राम (फोनॉनच्या देवाणघेवाणीची चित्रं) रँडम तयार होतात, मोठे होतात, छोटे होतात आणि सगळ्यांची बेरीज लागते. पोलॅरॉनसाठी प्रोकोफेव्ह आणि स्विस्तुनोव्ह यांनी हे १९९८ मध्येच केलं होतं, रोटेशनला उशीर का लागला ते एका गोष्टीत कळतं: पोलॅरॉनच्या डायग्राममध्ये नवीन फोनॉनची कमान टाकली की खालचा मोमेंटम तेवढ्याने कमी होतो, विषय संपला, इथे कमान टाकली की खालच्या प्रत्येक तुकड्याला अँग्युलर मोमेंटमचे अनेक पर्याय उघडतात आणि प्रत्येक जोडावर त्रिकोणाचा नियम पाळावा लागतो. हे क्यूटिपमध्ये करायचा विचारही करू नका. आणि मॉडेल नको, खरा रेणू आणि खरे हेलियम अणू पाहिजेत तर पाथ इंटिग्रल माँटे कार्लो, त्यासाठी वॉटरलूच्या पिएर-निकोलस रॉय यांच्या ग्रुपचं मोरिब्स आहे, २०१६ मध्ये त्याचा पेपर आलाय, बोसॉनच्या द्रावणात फिरणारा रेणू हेच त्याचं काम. तिथे सी प्लस प्लस आणि फोर्ट्रान, कंपाइल करायची तयारी ठेवा, रेणू-हेलियम पोटेन्शियल सरफेस आणा आणि क्लस्टरवर रांग लावा. पण ते इमॅजिनरी टाइममध्ये, म्हणजे खऱ्या घड्याळाच्या वेळेत नाही, चालतं, लाथेनंतर पिकोसेकंदागणिक काय होतं ते त्यातून सरळ निघत नाही. तेव्हा दोन्हींची स्पर्धा नाहीये, हेलियमचा परिणाम पाथ इंटिग्रलमधून काढायचा आणि वेळेतला नाच क्यूटिपमध्ये बघायचा, असं जोडकाम करता येतं.

व्हर्जनबद्दल एक गोष्ट, कारण याने लोकांची डोकी फिरतात. २०२४ मध्ये व्हर्जन ५ आलं आणि आतली डेटाची रचना बदलली. जुन्या कोडमध्ये ऑब्जेक्टच्या डेटाला हात घातला की सायपायचा स्पार्स मॅट्रिक्स हातात यायचा, आता तसा मिळत नाही, रूपांतर मागून घ्यावं लागतं. सॉल्व्हरचे ऑप्शन आता साध्या डिक्शनरीने द्यायचे, जुना ऑप्शन्सचा क्लास गेला. सीनियरने दिलेली ४ च्या जमान्यातली नोटबुक ५ वर चालवलीत तर लाल अक्षरं दिसणारच, घाबरू नका, पण नवीन काम ५ वरच सुरू करा. टाइमवर अवलंबून असलेली टर्म स्ट्रिंगमध्ये देण्याऐवजी पायथन फंक्शन म्हणून द्या, स्ट्रिंग आतून कंपाइल करायला कंपायलर लागतो आणि विंडोजवाल्यांचा अर्धा दिवस त्यातच जातो.

डॉक्युमेंटेशन चांगलं आहे, उदाहरणं भरपूर, पण बहुतेक सगळी क्युबिट आणि कॅव्हिटीची, रोटरवाल्याला स्वतःच भाषांतर करून घ्यावं लागतं. स्टार द्यायचेच तर लेझरची लाथ आणि डायनॅमिक्ससाठी ५ पैकी ५, हिओमसाठी साडेचार, स्थिर एनर्जीसाठी ३, आणि तगड्या कपलिंगला सरळ वापरायचं म्हणाल तर १. एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांनी कार्बोनिल सल्फाइडपासून सुरुवात करा आणि त्याच कोडवर मग आयोडीन बसवा, तिथे दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे दर्जा १ चा फोनॉन चॅनेल गायब होतो आणि २ चा येतो, म्हणजे चारच्या जागी सहा चॅनेल, १० पॉइंटला ६० मोड. एन्रचा एक आकडा आणि हार्मोनिकचा एक मॅट्रिक्स बदलायचा, बाकी कोड आहे तसाच चालतो.